मार्गशीर्षातला केक

दिवाळीचा फराळ घेऊन बाईंकडे गेले, तर बाईंचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये. बाई म्हणजे माझ्या पहिल्या शाळेतल्या सिनियर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी माझ्यासाठी त्या बाईच, आणि मी पन्नाशीला टेकले तरी त्यांच्यासाठी पोरगीच. आमचा क्रम ठरलेला आहे: दिवाळीला माझा डबा त्यांच्याकडे सदरला जातो, नाताळला त्यांचा डबा आमच्याकडे प्रतापनगरला येतो. त्यात करंज्या, चकल्या, अनारसे असतात. मराठी ख्रिस्ती घरातला नाताळचा फराळ आपल्यासारखाच असतो, हे नागपुरात राहूनही कितीतरी जणांना ठाऊक नसतं. आणि डब्याच्या एका कोपऱ्यात बटर पेपरात गुंडाळलेला केक. काळपट, जड, ओलसर.

"यंदा केक काही होत नाही बघ," बाई म्हणाल्या.

"मी करते ना," माझ्या तोंडून निघून गेलं.

घरी येईपर्यंत पोटात गोळा आला. कुकरमध्ये मीठ पसरून केलेला एक केक, तोही लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, एवढाच माझा अनुभव. मुलीच्या हट्टापायी घेतलेला ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, पाव भाजण्यापलीकडे कधी वापरला नव्हता.

बाईंची कृती फोनवर लिहून घेतली. सहा अंडी, पाव किलो लोणी, आणि सुकी फळं रममध्ये दोन महिने भिजवलेली. खरी अडचण इथेच होती. 2024 मध्ये मार्गशीर्ष लागला 2 डिसेंबरला आणि शेवटचा गुरुवार आला 26 तारखेला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशी उद्यापन. सासूबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "महिनाभर या ओट्यावर अंडं फुटणार नाही." रमबद्दल मी विचारायच्या फंदातच पडले नाही.

मग म्हटलं, रमऐवजी संत्र्याचा रस घालू. नागपुरात राहून संत्र्याला काय तोटा? आंबिया बहाराची संत्री रस्त्यावर ढिगाने येतात त्या दिवसांत. मस्कासाथच्या बाजारातून काळे मनुके, बेदाणे, खजूर, काजू आणले, शिवाय थोडी टुटीफ्रुटी. (टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई पाकात घोळून रंगवलेली. दुकानदाराने मला "इम्पोर्टेड आहे ताई" म्हणून सांगितलं. मी मुकाट्याने ऐकून घेतलं.) सगळं काचेच्या बरणीत भरलं, वर रस ओतला, झाकण घट्ट लावून बरणी ओट्यावर ठेवली आणि रोज कौतुकाने बघत बसले.

पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर सोड्याच्या बाटलीसारखा फुस्स आवाज. वर फेस. वास असा की सासूबाई देवघरातून ओरडल्या, "काय करून राहिली गं तू?"

बाईंना फोन केला. आधी त्या भरपूर हसल्या. "अगं, तू वाईन करायला घेतलीस!" मग नीट समजावलं. रममध्ये फळं महिनोन्‌महिने टिकतात ती दारूमुळे, तिच्यात जंतू वाढत नाहीत. रसात नुसती साखर, म्हणजे आंबायला आमंत्रणच. रसात भिजवायचं तर जास्तीत जास्त एक-दोन दिवस, तेही फ्रीजमध्ये. नाहीतर मंद आचेवर फळं रसात शिजवून रस आटवायचा आणि थंड झाली की त्याच दिवशी वापरायची. आणि रस काढताना बिया चिरडायच्या नाहीत, नाहीतर तो ठेवल्यावर कडू होतो. हे शेवटचं मला ठाऊक होतं. आमच्या घरी रस काढला की लगेच प्यायचा, हा नियम आजेसासूबाईंपासूनचा.

साडेतीनशे रुपयांची फळं कुंड्यांना गेली.

याच सुमारास बहिणीच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तो ड्रेस्डेनला शिकतो. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, तिथे संध्याकाळचे पाच, पण अंधार कधीचाच पडलेला. तो तिथल्या ख्रिसमसच्या बाजारात उभा होता. श्ट्रिट्सेलमार्क्ट म्हणतात त्याला, 1434 पासून भरतो. लाकडी टपऱ्या, त्यांच्या छपरांवर दिवे, मेणबत्तीच्या ऊबेवर फिरणारे लाकडी मनोरे, हातात गरम मसाल्याच्या वाइनचा मग. त्या मगाचे पैसे आधी घेतात म्हणे आणि रिकामा मग आणून दिला की ते परत देतात. मला ही पद्धत फार आवडली. आपल्या चहाच्या टपऱ्यांवर सुरू झाली तर रस्त्यावरचे निम्मे कागदी कप दिसेनासे होतील.

त्याने श्टोलन दाखवला. फळं घातलेला लांबट पाव, वरून पिठीसाखरेचा जाड थर. श्ट्रिट्सेल हे त्याचंच जुनं नाव, आणि बाजाराचं नाव त्यावरूनच पडलं. तो सांगत होता की पूर्वी नाताळाआधीच्या उपवासाच्या दिवसांत त्यांच्यातही लोणी वर्ज्य होतं. श्टोलन नुसतं पीठ, पाणी आणि उग्र वासाच्या तेलात करायचे. शेवटी तिथल्या राज्यकर्त्यांनी पोपकडे रदबदली केली आणि 1491 मध्ये आठव्या इनोसंट पोपने लोणी वापरायची लेखी परवानगी दिली. त्या पत्राचं नावच लोण्याचं पत्र.

मी फोन घेऊन तडक सासूबाईंच्या खोलीत. म्हटलं, ऐका, प्रत्यक्ष पोपनेसुद्धा परवानगी दिली होती. सासूबाई भाच्याच्या मागचे दिवे बघत म्हणाल्या, "त्यांच्या पोपने दिली असंल बाप्पा. इथे मी आहे."

भाच्याने जाता जाता एक कामाची गोष्ट सांगितली. श्टोलनमध्ये पाकवलेली संत्र्याची साल घालतात. "मावशी, तू तर नागपुरात आहेस. इथे एवढीशी पुडी घ्यायला पैसे पडतात."

त्या रात्री कचऱ्याच्या डब्यात डझनभर संत्र्यांच्या साली पडल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

सालीला माझे दोन दिवस गेले, पण सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त आनंद त्याचाच झाला. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, नख लावलं की सुटते, आणि आतला पांढरा भाग पातळ असतो, तो चमच्याच्या कडेने खरवडता येतो. साल कात्रीने काडेपेटीतल्या काडीएवढी कापायची. गार पाण्यात घालून उकळी आणायची, पाणी फेकायचं, पुन्हा गार पाणी, पुन्हा उकळी. पहिलं पाणी जिभेला लावून बघितलं तर कारल्यासारखं. दुसरं कमी. तिसऱ्या पाण्यानंतर एक काडी चावून बघितली, तेव्हा कडूपणा उरला होता पण हवासा वाटावा इतकाच. मग सालीच्या वजनाएवढी साखर, ती विरघळण्यापुरतं पाणी आणि अगदी बारीक गॅस. पाऊण तास ढवळत बसले. मध्येच एका क्षणी काड्या काचेसारख्या आरपार दिसायला लागतात, तिथे थांबायचं. पुढे गेलात तर साखर परत दाणेदार होते. काड्या ताटात सुट्या करून दोन दिवस पंख्याखाली ठेवल्या. शाळेतून आल्यावर मोजल्या असत्या तर कमीच भरल्या असत्या, कारण सासूबाईंच्या ओठांना साखर लागलेली होती. गुरुवारच्या उपासाला साल चालते की नाही, हे पोथीत लिहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

15 डिसेंबरच्या रविवारी सदरला गेले. तारीख लक्षात राहिली कारण त्याच दिवशी राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी होता आणि दुसऱ्या दिवसापासून अधिवेशन. जिकडे तिकडे पोलीस, कठडे, काळ्या गाड्या. शहाणपणाने मेट्रोने गेले होते. सीताबर्डीला लाइन बदलली आणि कस्तुरचंद पार्कला उतरून चालत निघाले. रस्त्यावर दुकानं मांडलेली. लाल टोप्या, चमचमत्या माळा, प्लॅस्टिकची झाडं, आणि छोटे-मोठे तारे. त्यांतले निम्मे दिवाळीचे उरलेले कंदील होते, त्यांना फक्त दोन टोकं जास्त जोडलेली. विकणारा पोरगा काही लपवतही नव्हता. "घ्या ना ताई, पुढच्या दिवाळीलाही चालंल," म्हणाला. मी त्याच मुद्द्यावर घेतला.

बाईंनी एक काम सांगितलं होतं. त्यांच्या नाताळच्या देखाव्यातल्या गव्हाणीतली एक मेंढी मागच्या वर्षी मांजरीने पाडून फोडली, तेवढी सुटी मेंढी मिळाली तर बघ. सुटी मेंढी कोणी देईना. बाळ येशू, मरिया, योसेफ, तीन राजे, असा पूर्ण संच घ्या म्हणत. चौथ्या दुकानात एका बाईने खोक्याच्या तळातून एक मेंढी काढून दिली, कान थोडा उडालेला. वीस रुपये. तिला रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि शपथविधीच्या गर्दीतून सांभाळत घरी आणली.

त्याच रात्री पहिला केक केला. तो फसला.

बिनअंड्याचं गणित दह्यावर चालतं: दीड कप मैदा, एक कप घट्ट दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. दही-साखर फेटून त्यात सोडा आणि बेकिंग पावडर घातली की पाच मिनिटांत ते फसफसून वर येतं. नेमका तेव्हाच एका पालकांचा फोन आला आणि मी वीस मिनिटं सहामाहीच्या गुणांवर बोलत राहिले. तोवर सगळी हवा निघून गेलेली. वरून घाईत ओली फळं तशीच ओतली आणि ओटीजी 180 वर लावला. पस्तीस मिनिटांत वरचा पापुद्रा काळा पडला, म्हणून आनंदाने बाहेर काढला. सुरी घातली तर मध्ये लापशी, आणि सगळी फळं तळाशी गाळ बसल्यासारखी. नवऱ्याने तो चमच्याने खाल्ला आणि खीर छान झाल्याचं सांगितलं.

24 तारखेला संध्याकाळी फोन बंद करून स्वयंपाकघरात शिरले. या वेळी फळं संत्र्याच्या रसात शिजवून, निथळून, कोरडी करून घेतली आणि दोन चमचे मैद्यात घोळवली. रंगासाठी साखर जाळली. हे जरा जपून. अर्धी वाटी साखर कोरडीच जाड बुडाच्या पातेल्यात वितळवायची, गडद तांबूस झाली की गॅस बंद करायचा आणि हात लांब ठेवून उकळतं पाणी थोडं थोडं ओतायचं. गार पाणी ओतलंत तर लाव्हा उडतो. एक थेंब माझ्या मनगटावर अजून खूण ठेवून आहे. दालचिनी, जायफळ, सुंठ आणि चार लवंगा एकत्र कुटल्या. सालीच्या काड्या बारीक चिरल्या. सोडा पडल्यापासून घोल ओटीजीत जाईपर्यंत दहा मिनिटांच्या वर लागू दिली नाहीत.

160 वर, सर्वांत खालच्या खाचेत. चाळीस मिनिटांनी वर ॲल्युमिनियम फॉइलची टोपी घातली. पासष्टाव्या मिनिटाला विणायची सुई घातली, ती कोरडी बाहेर आली. तरी माझा विश्वास बसेना, म्हणून आणखी दोन ठिकाणी भोकं पाडली. दुसरा टिन लगेच लावला. रात्री साडेअकराला दोन्ही केक ओट्यावर होते आणि घरभर संत्र्याचा वास. गरम असताना कापायचा नाही, हे बाईंनी तीनदा बजावलं होतं. मी बटर पेपरात गुंडाळून सरळ झोपायला गेले.

नाताळच्या सकाळी बाईंच्या दारात तारा, आत येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ. प्लॅस्टर निघालं होतं पण हातात जोर नव्हता, म्हणून त्यांनी डाव्या हाताने सुरी धरली. फळं वरपासून खालपर्यंत सारखी विखुरलेली बघून त्यांनी मान हलवली. तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिल्या.

"साल घरची?"

"हो."

"लवंग एक कमी चालली असती," म्हणाल्या, आणि उठून कपाटातून रमची बाटली काढली. केकवर मी पाडलेली तीन भोकं होतीच. त्यांनी तीन चमचे त्यात हळूहळू सोडले. "आता हा माझा झाला. तुझ्या सासूला सांगू नकोस." मेंढीला त्यांनी कान उडालेली बाजू भिंतीकडे करून गव्हाणीशेजारी उभं केलं.

घरचा केक मी शुक्रवारी कापणार होते. गुरुवारी उद्यापनाला सुवासिनी यायच्या, त्यात कुठे हा घोळ. शाळेतून परतले तर हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी फळं, पोथ्या आणि बटर पेपरचे सात चौकोनी पुडे मांडलेले. सासूबाई पाटावर बसून आठवा बांधत होत्या.

"अंडं नाही, दारू नाही, संत्रं तर फळच होय," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "हा आठवा माझा. उपास सुटल्यावर."