मोनास्तिर: आफ्रिका जिंकलेल्या संघाच्या गावी

ट्युनिशियातल्या सूस शहराच्या बाब जदीद स्टेशनातून सुटणारी गाडी नावाला ‘मेट्रो’ आहे, खरं तर समुद्राच्या बाजूबाजूने गावोगावी थांबत जाणारी पॅसेंजरच. मोनास्तिर तिथून जेमतेम वीस किलोमीटर. वाटेत हॉटेलांची रांग आणि विमानतळाचं स्टेशन लागतं, आणि उतरून थोडं चाललं की जुन्या गावाचा तट. लोक या गावी किनाऱ्यासाठी येतात. मी आलो होतो बास्केटबॉलसाठी.

कारण २०२१ च्या मे महिन्यातलं. आपल्याकडे दुसरी लाट होती, घराबाहेर पडायचं नाही, हातात फोन. आफ्रिकेच्या नव्या क्लब स्पर्धेचा, बास्केटबॉल आफ्रिका लीगचा, पहिलाच हंगाम रवांडाच्या किगालीत चालू होता. खरं तर तो मार्च २०२० मध्ये सेनेगलच्या डाकारला सुरू व्हायचा होता, कोरोनामुळे वर्षभर लांबला. ३० मे च्या अंतिम सामन्यात एका बाजूला कैरोचा बलाढ्य झमालेक, दुसऱ्या बाजूला युनियन स्पोर्तिव्ह मोनास्तिर. महानगराचा संघ विरुद्ध लाखभर वस्तीच्या गावाचा संघ. झमालेकने ७६-६३ असा सामना घेतला. सामना संपल्यावर मी नकाशा उघडून मोनास्तिर शोधलं आणि तेव्हाच ठरवलं, इथे जायचं.

पुढचं वर्ष तर विलक्षणच होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये ट्युनिशियाच्या राष्ट्रीय संघाने त्याच किगालीत आयव्हरी कोस्टला ७८-७५ असं हरवून आफ्रिकेचं अजिंक्यपद राखलं. मग मे २०२२. मोनास्तिर पुन्हा किगालीत, आता सर्बियाचे मिओद्राग पेरिशिच प्रशिक्षक. उपांत्य फेरीत समोर पुन्हा झमालेक, आणि या वेळी झमालेक घरी गेला. २८ मे ला अंगोलाच्या पेट्रो दे लुआंडाला ८३-७२ ने हरवून कप मोनास्तिरला आला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला त्यांचा अमेरिकन गार्ड मायकेल डिक्सन. पण गावात ज्याचं नाव काढलं की माणसं खुर्ची ओढून जवळ बसतात, तो रदवान स्लिमान. त्या मे महिन्यात तो एक्केचाळीस वर्षांचा होता. ज्या वयात आपल्याकडचे खेळाडू निवृत्तीचा सत्कार घेऊन मोकळे झालेले असतात, त्या वयात हा माणूस बास्केटखाली धक्के देत-घेत उभा होता.

क्लब मात्र फार जुना. स्थापना १९२३ ची, फ्रेंचांचा अंमल असतानाची. फुटबॉलही याच नावाने खेळलं जातं, आणि माझी पहिल्या दिवशीची चूक तिथेच झाली. टॅक्सीवाल्याला मी नुसतं क्लबचं नाव सांगितलं. त्याने मला मुस्तफा बेन जनेत स्टेडियमच्या दारात सोडलं. फुटबॉलचं मैदान, कुलूप लावलेलं, आजूबाजूला चिटपाखरू नाही. तुम्ही जाल तेव्हा ‘सॅल मोहामेद मझाली’ (सॅल म्हणजे हॉल) म्हणा आणि पुढे ‘बास्केट’ हा शब्द जोडा. बास्केटबॉलला तिथे सगळे ‘बास्केट’च म्हणतात.

हॉलला ज्यांचं नाव दिलंय ते मोहामेद मझाली याच गावचे. १९८० ते १९८६ ते देशाचे पंतप्रधान होते, शिवाय अनेक वर्षं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य. पदावरून काढल्यावर त्यांना देश सोडून पळावं लागलं. अशा माणसाचं नाव आज त्याच्या गावच्या खेळाच्या हॉलवर आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. स्वतंत्र ट्युनिशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबाही इथलेच. सोनेरी घुमट आणि दोन मिनारांची त्यांची समाधी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ती चुकवू नका. रिबात हा इ.स. ७९६ मधला किल्ला, त्याच्या बुरुजाचा गोल जिना अरुंद आहे. संध्याकाळी वर चढा, गाव, बंदर आणि समुद्र एका नजरेत येतात.

सामना बघितला तो ट्युनिशियाच्या देशांतर्गत लीगचा, पाहुणा संघ जरा कमकुवत होता. तरी हॉल बरा भरला होता. सगळ्यांच्या हातात कागदाचा कोन आणि त्यात ‘ग्लिबेत’, म्हणजे भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया. दातांनी फोडायची, टरफल खाली टाकायचं. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत पायाखाली टरफलांचा थर झाला होता. शेजारच्या आजोबांनी न विचारता माझ्या ओंजळीत मूठभर बिया ओतल्या. मोठ्या माणसाला तिथे ‘अम्मी’ म्हणतात, अर्थ काका, आपल्याकडच्या अम्मीशी संबंध नाही. या अम्मींचं फ्रेंच माझ्याइतकंच तोडकंमोडकं होतं, पण संघाने झोन बचाव, म्हणजे प्रत्येकाने आपापली जागा राखायची, असा लावला की ते दोन्ही हात पसरून मला दाखवायचे, आणि कुणी उगाच लांबून शॉट मारला की कपाळावर हात. बास्केटबॉल शिकवणाऱ्या सगळ्या सरांसारखे.

मध्यंतरात मी त्यांना २०२२ च्या कपाबद्दल विचारलं. त्यांनी आधी २०२३ काढलं. गतविजेता संघ त्या वर्षी डाकारच्या गटातच बाद झाला, प्लेऑफपर्यंतही पोचला नाही. ती जखम अजून ओली आहे. मग म्हणाले, सूसचं विचारू नकोस. सूसचा एतोआल द्यु साहेल हा शेजारी आणि पक्का प्रतिस्पर्धी, त्याने २०११ मध्येच आफ्रिकेचा क्लब चषक जिंकला होता. वीस किलोमीटरच्या अंतरात आफ्रिका जिंकलेले दोन बास्केटबॉल क्लब! जमलं तर या दोघांच्या सामन्याच्या तारखा बघूनच तिकीट काढा.

आता जाणाऱ्यांसाठी. मुंबईहून थेट विमान नाही, आखातातून किंवा युरोपातून ट्युनिसला उतरावं लागतं. व्हिसाचे नियम दिल्लीतल्या दूतावासाकडून आधी पक्के करून घ्या. ट्युनिस ते सूस रेल्वे आहे किंवा लाल पट्ट्याची ‘लुआज’, म्हणजे सीट भरल्या की सुटणारी शेअर व्हॅन. दिनार देशाबाहेर नेता येत नाही. पैसे तिथेच बदला आणि पावत्या जपून ठेवा, उरलेले परत बदलताना लागतात.

देशांतर्गत लीग साधारण शरद ऋतूपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. वसंतात आफ्रिका लीग असते, संघ तिच्यात असेल तर गावात कदाचित कुणीच भेटणार नाही. रमजानात वेळा बदलतात. सामना आहे एवढं कळून भागत नाही, तो प्रेक्षकांसाठी खुला आहे का हेही विचारा. ट्युनिशियात शिक्षा म्हणून काही सामने बंद दाराआड होतात. ‘ह्वी क्लो’ असं लिहिलेलं दिसलं तर तो दिवस रिबातला द्या.

शाकाहारी असाल तर ‘सां तों’ एवढे दोन शब्द पाठ करा, म्हणजे ट्यूना नको. तिथे ट्यूना सगळ्यावर असतो, सॅलडवरसुद्धा. लब्लाबी हा हरभऱ्याचा गरम रस्सा, तळाशी शिळ्या पावाचे तुकडे आणि वर हरिसाची लाल चटणी, थंडीतल्या सामन्याआधी पोटाला फार छान. सांगितलं की ट्यूना आणि अंडं वगळून देतात.

सामना संपल्यावर लगेच उठू नका. लहान मुलं कोर्टवर उतरतात आणि दिवे अर्धे होईपर्यंत रिंगकडे चेंडू फेकत राहतात. मी तिथेच रमलो आणि स्टेशनवर पोचेपर्यंत सूसची गाडी निघून गेली होती. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळी उतरतानाच खिडकीवर विचारून ठेवा.