कॅराव्हॅनचे इलेक्ट्रिक ब्रेक: कंट्रोलर बदलण्याआधी मॅग्नेटपाशी व्होल्ट मोजा

कोकणात कॅराव्हॅन ओढणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. मे महिन्यात ब्रेक झकास लागत होते, पावसाळाभर गाडी उभी राहिली, गणपतीला बाहेर काढली तर कंट्रोलर (ओढणाऱ्या गाडीत बसवलेला, कॅराव्हॅनच्या ब्रेकना वीज सोडणारा डबा) गेलेला. बहुतेक वेळा कंट्रोलर ठणठणीत असतो. त्यातून निघालेला करंट चाकातल्या मॅग्नेटपर्यंत पुरता पोचत नसतो. महागडा डबा बदलूनही ब्रेक तसेच राहतात ते यामुळेच.

आधी आपली कॅराव्हॅन कोणत्या जातीची आहे ते बघा. युरोपियन बनावटीच्या बऱ्याच कॅराव्हॅनना ओव्हररन ब्रेक असतात. गाडी मंदावली की कपलिंगचा दांडा आत दाबला जातो आणि रॉड-केबलने ब्रेक लागतात. तिथे कंट्रोलरचं कामच नाही. चाकाच्या बॅकप्लेटमधून दोन वायरी बाहेर येत असतील तर ब्रेक इलेक्ट्रिक. ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन धाटणीच्या अॅक्सलवर हेच असतात.

यात वीज ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) दाबत नाही. ती ड्रममधल्या एका दांड्यावरच्या मॅग्नेटला जाते. मॅग्नेट फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठभागाला चिकटतो, ड्रम त्याला सोबत ओढतो, दांडा फिरतो आणि शू फाकतात. म्हणजे जोर ड्रमच्या फिरण्यातून येतो. म्हणूनच उभ्या कॅराव्हॅनला उतारावर धरून ठेवण्याचं काम हे ब्रेक करत नाहीत. त्यासाठी हँडब्रेक आणि चाकामागे ठोकळे हवेतच. उलट्या दिशेलाही पकड कमी मिळते. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळच्या फेरीबोटीवर रिव्हर्समध्ये चढवायची-उतरवायची वेळ आली आणि ओहोटीमुळे रॅम्प तिरका, शेवाळलेला असेल, तर कॅराव्हॅनच्या ब्रेकवर भिस्त ठेवू नका. खाली एक माणूस ठोकळा घेऊन उभा असला पाहिजे.

आता वायरिंग. बहुतेक कंट्रोलरना चार वायरी असतात. काळी बॅटरीच्या प्लसला, पांढरी मायनसला, लाल ब्रेक लाइटच्या स्विचला (पॅडल दाबल्यावर जिथे १२ व्होल्ट येतात त्या बाजूला) आणि निळी मागे कॅराव्हॅनच्या ब्रेकला. टेकोन्शा आणि रेडार्क या दोन्ही प्रचलित कंपन्यांचे रंग असेच आहेत, तरी डब्यासोबतची पुस्तिका वाचूनच जोडा. काळ्या वायरवर, बॅटरीच्या जवळ, आपोआप रीसेट होणारा सर्किट ब्रेकर बसवायचा. दोन किंवा चार ब्रेकना सहसा २० ते ३० अँपिअरचा लागतो. पांढरी वायर डॅशबोर्डखालच्या एखाद्या स्क्रूला अडकवून मोकळं होऊ नका, ती थेट बॅटरीपर्यंत न्या.

वायर किती जाड घ्यायची याचा हिशोब एकदा करून ठेवण्यासारखा आहे. दहा इंची ड्रमच्या मॅग्नेटचा रेझिस्टन्स साधारण ३ ते ४ ओहम असतो. ३.२ ओहमचे दोन मॅग्नेट पॅरलल जोडले की १.६ ओहम, म्हणजे १२ व्होल्टवर ७.५ अँपिअर. कंट्रोलर ते अॅक्सल १० मीटर आणि अर्थची (मायनसची) परतीची वायर १० मीटर धरा. १.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ४ चौरस मिलिमीटरची वापरली तर अर्ध्या व्होल्टपेक्षा थोडं जास्त. दुकानदार लाइटची वायर पुढे करतो आणि लाइट त्यावर पेटतातही, पण ब्रेकला ती पुरत नाही. अर्थची वायर निळीइतकीच जाड हवी. टो बॉलमधून (कॅराव्हॅन अडकवायच्या लोखंडी गोळ्यातून) मिळणाऱ्या अर्थवर मुळीच विसंबू नका, तिथे ग्रीस असतं नाहीतर गंज.

खाऱ्या हवेचं दुखणं इथेच आहे. हर्णे, गुहागर, तारकर्लीसारख्या ठिकाणी किनाऱ्यालगत गाडी राहिली की गाडी आणि कॅराव्हॅनच्या वायरी जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमध्ये हिरवा थर धरतो. एका पिनवर नुसता अर्धा ओहम वाढला तर ७.५ चे ५.७ अँपिअर होतात, म्हणजे ब्रेकचा जवळपास चौथा हिस्सा गेला. साधा मल्टीमीटर अर्धा ओहम नीट दाखवत नाही, बीप मात्र देतो. वायरमन बीप ऐकून ‘लाइन ओके’ म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, चाचणीच चुकीची असते. तपासायचं ते करंट वाहत असताना.

ते असं. इंजिन चालू, प्लग जोडलेला, गेन (ब्रेकला किती जोर द्यायचा त्याचं कंट्रोलरवरचं सेटिंग) पूर्ण वर. सोबतचा माणूस कंट्रोलरचा हाताने चालवायचा दांडा किंवा बटण पूर्ण दाबून धरेल, एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, नाहीतर मॅग्नेट उगाच तापतात. आधी कंट्रोलरपाशी निळी आणि पांढरी यांच्यातले व्होल्ट बघा, मग अॅक्सलपाशी मॅग्नेटच्या दोन वायरींमधले. गेन पूर्ण असतानाच मोजायचं कारण असं की कमी गेनला कंट्रोलर वीज तुटक-तुटक सोडतो आणि मीटर फक्त सरासरी दाखवतो. पुढे १२.५ आणि मागे १० आले तर अडीच व्होल्ट वाटेत अडकले. मग लांब वायर घेऊन मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं कॅराव्हॅनच्या ब्रेकच्या अर्थला लावा. दांडा दाबल्यावर अर्ध्या व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर दोष अर्थमध्ये. तिथे काही नसेल तर निळ्या वायरवरचे सांधे आणि प्लग एकेक करून तपासा.

करंट मोजणंही तितकंच उपयोगी. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या. घरगुती वायरिंगवाल्यांकडचे बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात, ते इथे चालत नाहीत. निळ्या वायरवर दोन ब्रेकना ६ ते ८ अँपिअर, चारांना १२ ते १६ दिसले पाहिजेत. निम्मेच दिसले तर एका बाजूचा मॅग्नेट किंवा त्याची वायर तुटलेली. खूपच जास्त दिसले तर कुठेतरी शॉर्ट. तेव्हा मॅग्नेटच्या वायरी सोडवून एकेकाचा रेझिस्टन्स घ्या. वायर आणि मॅग्नेटची बॉडी यांच्यात मीटरने काहीच दाखवता कामा नये.

शॉर्टची खूण फक्त खड्ड्यांत येत असेल तर माझा पहिला संशय अॅक्सलच्या नळीवर जातो. एका चाकाकडून दुसऱ्याकडे जाणारी वायर बऱ्याचदा त्या पोकळ नळीतून नेलेली असते आणि धक्क्यांनी आत घासून सोलते. ती वायर ओढून काढा आणि नवी अॅक्सलच्या बाहेरून, कंड्युटमध्ये, क्लिप मारून न्या.

हाताने दाबल्यावर ब्रेक लागतात पण पॅडलने नाहीत, तर लाल वायर किंवा ब्रेक लाइटचा स्विच बघा. ब्रेक दाबला की कॅराव्हॅनचे मागचे लाइट मंद होतात, किंवा इंडिकेटरसोबत ब्रेक धडधडतात, तर जवळपास नक्की अर्थ खराब आहे.

दुरुस्ती करताना प्लगच्या पिना बारीक ब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने घासा, वर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. काळवंडलेली वायर लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा, कधीकधी एक वीतभर कापावी लागते. मग क्रिम्प आणि गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळली तर खारं पाणी तिच्याखाली साठून राहतं. गाडी उभी असताना प्लगचं तोंड खाली असू द्या.

आता सेटिंग. इनर्शिया ओळखणारा, म्हणजे गाडी जितक्या जोरात मंदावते त्या प्रमाणात ब्रेक लावणारा प्रपोर्शनल कंट्रोलर घाटासाठी घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. वेळेच्या हिशोबाने चालणारा स्वस्त कंट्रोलर गाडी किती जोरात थांबते आहे हे जाणत नाही, पॅडल दाबलं की ठरलेल्या गतीने जोर वाढवत नेतो. नागमोडी वळणांवर त्याने हिसके बसतात. प्रपोर्शनल डबा सैल किंवा पुस्तिकेत दिलेल्या कोनाबाहेर बसवला तर तोही चुकतो.

गेन घरी अंगणात लावून निघू नका. सपाट, कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने चालवा, फक्त हाताने दांडा पूर्ण दाबा. कॅराव्हॅनची चाकं लॉक होऊ लागतील तिथवर गेन वाढवा आणि मग एक टप्पा कमी करा. आंबा घाट उतरायचा असेल तर हे मलकापूरच्या आसपास, कुंभार्लीसाठी पाटणच्या बाजूला, भरलेल्या वजनानिशी करा. १०० लिटरची पाण्याची टाकी भरली की १०० किलो वाढतात आणि सेटिंग बदलतं. रस्ता ओला झाला की गेन उतरवा, चाकं लवकर लॉक होतात.

उतारावर आधीच खालचा गिअर घ्या. थोडा वेळ ठाम ब्रेक, मग पूर्ण सोडा. सतत हलका ब्रेक लावून ठेवला की ड्रम तापून फुगतो, लायनर (शूवरचा घासणारा थर) पकड सोडतो आणि गेन कितीही वाढवला तरी उपयोग होत नाही. कॅराव्हॅन डावी-उजवी झुलू लागली तर अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि फक्त हाताच्या दांड्याने कॅराव्हॅनचे ब्रेक लावा. ओढणाऱ्या गाडीचा ब्रेक दाबलात तर झोला वाढू शकतो.

व्होल्ट पूर्ण पोचूनही ब्रेक मऊ असतील तर चाक काढा. नव्या शूंचं अॅडजस्टमेंट पहिल्या ३०० किलोमीटरनंतर आणि मग दर ५,००० किलोमीटरना करायचं असतं. घाटात नेहमी येणं-जाणं असेल तर मी त्याआधीच करा म्हणेन. चाक जॅकवर उचलून पुढच्या दिशेने फिरवत स्टार व्हील (शू आणि ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणारं दातेरी चाक) घट्ट करा, चाक जड झालं की साधारण दहा दाते सैल करा, म्हणजे किंचित घासत मोकळं फिरेल. मॅग्नेटच्या तोंडावर स्टीलची पट्टी ठेवा. खालून उजेड दिसला किंवा झिजेची खूण उघडी पडली तर मॅग्नेट बदला, आणि एका अॅक्सलवर दोन्हीकडचे एकदमच. लायनरवर ग्रीस आलेलं असेल तर पेट्रोलने धुऊन वेळ काढू नका. ऑइल सील आणि शू दोन्ही नवे घाला.

ब्रेकअवे स्विचची (कॅराव्हॅन गाडीपासून सुटली तर तिचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या स्विचची) पिन महिन्यातून एकदा ओढून बघा, पण आधी सात पिनांचा प्लग काढा, नाहीतर कॅराव्हॅनच्या बॅटरीची वीज उलटी कंट्रोलरमध्ये शिरते. पिन ओढल्यावर गाडी हळूच पुढे घ्या, चाकं अडली पाहिजेत. लगेच पिन परत घाला. ब्रेकअवेची दोरी गाडीच्या चासीला बांधा, टो बॉलला नाही.

चाकं समुद्राच्या पाण्यात बुडाली असतील तर त्याच दिवशी ड्रम गोड्या पाण्याने धुवा आणि नंतर हळू चालवत दांडा हलका दाबून सुकवा. जूनच्या आधी गाडी बंद करून ठेवताना ठोकळे लावून हँडब्रेक सोडलेला ठेवा, नाहीतर शू गंजून ड्रमला चिकटतात. सप्टेंबरमध्ये ड्रम उघडून मॅग्नेट जिथे घासतो तो पृष्ठभाग बारीक एमरी पेपरने साफ करा, त्यावरचा गंज नवा मॅग्नेटसुद्धा लवकर खातो. बेअरिंगचं ग्रीस त्याच वेळी बदलून घ्या.