बॅगेतला मायक्रोफायबर आणि त्याच्या जोडीला एक सुती पंचा

दोन वर्षांपूर्वी कॅम्पिंगला गेलो होतो तेव्हा मध्यरात्री पावसाने गाठलं आणि तंबूच्या एका कोपऱ्यातून पाणी आत यायला लागलं, बघता बघता स्लीपिंग बॅगपर्यंत पोचलं. माझ्याकडे घरचा जाड टर्किश टॉवेल होता, पहिल्यांदा त्याने मस्त पाणी टिपलं पण नंतर तो पिळता पिळेना, एवढा जड झाला की दोघींनी दोन टोकं धरून पिळायला लागला. मैत्रिणीकडे हातरुमालाएवढी घडी होणारा मायक्रोफायबरचा टॉवेल होता, ती तो खाली दाबायची, चेन उघडून बाहेर हात काढून पिळायची, परत दाबायची, असं दहा-बारा वेळा केलं आणि झोपण्यापुरती जागा कोरडी झाली. सकाळी तिचा दोरीवर टाकला तो चहा होईपर्यंत जवळजवळ वाळला, माझा तिसऱ्या दिवशी घरी आलो तरी ओलाच आणि त्याच्या नादाने बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना कुबट वास.

तेव्हापासून मी ह्या विषयात जरा जास्तच लक्ष घातलंय. कारण सोपं आहे, सुताचा धागा स्वतःच पाणी पितो आणि फुगतो, म्हणून ते सोडायला वेळ लावतो. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर आणि नायलॉन, बऱ्याचदा 80-20 च्या प्रमाणात, हे धागे स्वतः फारसं पाणी पीत नाहीत, पण ते 1 डेनिअरपेक्षाही (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) बारीक असतात आणि पाणी त्यांच्या मधल्या फटींमध्ये अडकून बसतं. पिळलं की सुटतं. त्यातही गुळगुळीत, पातळ प्रकार पटकन वाळतो आणि टर्किश टॉवेलसारखा बारीक लूपवाला जास्त पाणी धरतो, मला पाठीवरच्या बॅगेसाठी पातळच आवडतो. फक्त ह्याने अंग घासून पुसायचं नाही, टिपायचं. कोरड्या भेगाळलेल्या हातांना तो चिकटल्यासारखा लागतो, काही जणांना ते अजिबात सहन होत नाही, त्यामुळे घेण्याआधी हात लावून बघाच.

पण इमर्जन्सी किटमध्ये नुसता हाच टाकून मोकळं होऊ नका, हे मला मनापासून सांगायचंय. पॉलिस्टर साधारण 250-260 अंशांना वितळतं, म्हणजे स्टोव्हवरचं गरम भांडं ह्याने उचलायला गेलात तर कापड वितळून बोटांना चिकटू शकतं. शेकोटीजवळ पण नको. त्यासाठी सोबत एक सुती पंचा ठेवा, आणि भांडं उचलताना तो कोरडाच हवा, ओल्या कापडातून चटका लगेच बसतो. पंचा लांब असतो म्हणून हात गळ्यात अडकवायला झोळी होते, आणि जखमेतून रक्त येत असेल तर स्वच्छ घडी करून सलग 10 मिनिटं दाबून धरता येते, मधे मधे उचलून बघायचं नाही, भिजली तर तिच्यावरच दुसरी घडी ठेवायची. एक गैरसमज मात्र खूप ऐकते, की ओला टॉवेल तोंडावर धरला की धुराची भीती नाही. काजळी थोडी अडेल, धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अडत नाही, त्यामुळे खाली वाकून लवकरात लवकर बाहेर पडणं हेच खरं.

नाण्याएवढ्या दाबलेल्या टॉवेलच्या वड्या पण मिळतात, थोडं पाणी टाकलं की उलगडतात. तोंड-हात पुसायला, गाडीत ठेवायला उत्तम, जोरात घासलं तर फाटतात. त्या दिसायला अगदी औषधाच्या गोळीसारख्या असतात म्हणून लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, आणि गोळ्यांच्या डबीत तर कधीच नको.

धुताना सॉफ्टनर टाकू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि मग टॉवेल पाणी टिपायच्या ऐवजी नुसतं इकडून तिकडे पसरवतो. इस्त्री नाही, खूप गरम ड्रायर नाही. किटमध्ये ठेवताना पूर्ण कोरडा करून झिपवाल्या पिशवीत, आणि सहा महिन्यांनी एकदा पिशवी उघडून वास घेऊन बघायचा.

आता माझ्याकडे दोन मायक्रोफायबर आहेत, निळा अंगाला आणि राखाडी जमिनीला-भांड्यांना. गेल्या वेळी रात्री बॅटरीच्या उजेडात दोन्ही सारखेच दिसले आणि मी चिखलाचा तोंडाला लावणार होते, तेव्हा घरी आल्यावर राखाडीच्या एका कोपऱ्यात जाड दोऱ्याचा फास शिवून टाकला. काळोखात बॅगेत हात घातला की बोटांना फास लागतो, म्हणजे हा जमिनीचा.