हृदयाची हद्द-कायम मोजणी

भूमी अभिलेख खात्यात मी ३६ वर्षे मोजणी केली. सुरुवातीला ३३ फुटी साखळी आणि प्लेन टेबल, शेवटी शेवटी ईटीएस, म्हणजे अंतर आणि कोन मोजणारं इलेक्ट्रॉनिक मशीन. २०२१ साली सातारा जिल्ह्यातून निवृत्त झालो. पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका पहाटे छातीत थरथर सुरू झाली. दुखत नव्हतं. विहिरीवरची मोटार पाण्याऐवजी हवा ओढायला लागली की जशी थरथरते, तसं वाटत होतं. पाय खाली सोडून बसून राहिलो. दीड तासाने आपोआप थांबलं. तिसऱ्या खेपेला बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अहो, तीन वेळा झालं, आणि मला आज सांगताय?"

तालुक्याच्या डॉक्टरांनी मशीन लावण्याआधी माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर धरून ठेवलं. "काका, ठोका जलद आहेच, पण त्याला तालच नाही." ईसीजीच्या पट्टीवर उंच टोकं वेडीवाकडी, कुठे जवळ कुठे लांब. प्रत्येक टोकाआधी एक लहान उंचवटा असायला हवा, त्याला पी लहर म्हणतात. ती कुठेच नव्हती. आजाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत एका जागेहून शिस्तीत निघणारा विजेचा हुकूम मोडतो आणि मिनिटाला ३५० ते ६०० वेळा विजेचा नुसता गोंधळ चालतो. खालचे कप्पे त्यातले जमतील तेवढे ठोके घेतात, म्हणून नाडी बेताल.

डॉक्टरांना थरथरीपेक्षा जास्त काळजी रक्ताच्या गुठळीची होती. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. कप्पा नीट आकुंचन पावत नसला की तिथे रक्त साचतं, गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात. मला रक्तदाब होताच. त्याच दिवशी रक्ताची गुठळी होऊ न देणारी अपिक्साबान ५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू झाली, सोबत गती आवरायला मेटोप्रोलॉल. थायरॉइड तपासलं, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, २४ तास ठोके नोंदणारं होल्टर यंत्र लावलं. वर्षभर गोळ्या घेऊनही महिन्यातून दोनदा-तीनदा त्रास व्हायचाच. एकदा तर सलग नऊ तास. तेव्हा त्यांनी पुण्याच्या इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टकडे चिठ्ठी दिली. हृदयाच्या विजेचे वेगळे डॉक्टर असतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

ते म्हणाले, "अॅब्लेशन करू, पण आधी मॅपिंग." अॅब्लेशन म्हणजे आतली ठरावीक जागा जाळणं, मॅपिंग म्हणजे कप्प्याचा नकाशा काढणं. मी विचारलं, मोजता कसं? बिंदू कसा धरता? हा प्रश्न त्यांना बहुतेक कोणी विचारत नसावं. त्यांनी कागद ओढला आणि वीस मिनिटं समजावलं. टेबलाखाली मंद चुंबकीय क्षेत्र असतं. कॅथेटर म्हणजे पायाच्या शिरेतून आत नेलेली बारीक तार. तिच्या टोकात संवेदक असतो, त्यामुळे टोक आत नेमकं कुठे आहे ते एक्स-रे सतत न लावताही कळतं. टोक भिंतीला जिथे टेकेल तिथे दोन गोष्टी टिपल्या जातात. वीज तिथे कितव्या मिलिसेकंदाला पोचली, आणि किती मिलिव्होल्टची होती. असे शेकडो, हजारो बिंदू जोडून संगणक कप्प्याचा आकार उभा करतो आणि त्यावर रंग भरतो. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हे तर टिपण आहे, शेताच्या मोजणीची नोंद. आम्ही बांधाबांधाने फिरून जे करायचो तेच, धडधडत्या जमिनीवर.

मग जाळायचं कुठे? मला वाटलं होतं, जिथे गोंधळ तिथे. तसं नाही. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांच्या हृदयात तारा घालून शोधलं, की हा गोंधळ पेटवणारी पहिली ठिणगी येते कुठून. अशा ६९ जागा सापडल्या आणि त्यांतल्या ९४ टक्के फुफ्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये होत्या. या शिरा बहुतेकांना चार असतात. हृदयाचा स्नायू त्यांच्या तोंडातून थोडा आत वाढलेला असतो आणि तिथूनच अवेळी ठिणग्या पडतात. सुरुवातीला डॉक्टर शिरेच्या आत जाऊन ती ठिणगी जाळत, पण त्याने शीर आकसायची. म्हणून आता शिरांच्या तोंडाबाहेर, कप्प्याच्या भिंतीवर, गोल बांध घालतात. ठिणगी आत पडली तर पडू दे, हद्द ओलांडून ती कप्प्यात येता कामा नये. हे ऐकल्यावर माझी भीती निम्मी उतरली, कारण काय होणार ते मला दिसायला लागलं.

विम्याच्या मंजुरीत अकरा दिवस गेले. तेच तेच कागद तीनदा पाठवावे लागले, ते जाऊ द्या.

फेब्रुवारी २०२४. सकाळी घशातून नळी घालून इको केला. त्या पिशवीत गुठळी नाही याची खात्री झाल्याशिवाय तार आत नेत नाहीत. नंतर कॅथलॅब, म्हणजे तारा आत घालून काम करायची खोली. खोली खूप थंड, पाठीवर-छातीवर मोठे गार पॅच. तिथली टेक्निशियन मुलगी माझ्या मुलीच्या वयाची. प्रत्येक पॅच लावताना "काका, गार लागेल हं" म्हणायची. जांघेत भूल दिली, तारा आत गेल्या, तेवढं मला कळत होतं. सगळ्यात मोठी भीती पुढच्या पायरीची होती. शिरेतून गेलेली तार उजव्या कप्प्यात पोचते आणि काम तर डाव्या कप्प्यात. मधल्या पडद्याला सुईने भोक पाडून पलीकडे जावं लागतं. डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, "काका, आईच्या पोटात असताना सगळ्यांनाच तिथे वाट असते. जन्मानंतर बहुतेकांची ती मिटते, पण ती जागा पातळ राहते. आम्ही तिथूनच जातो." हे आठवत होतो तोवर गुंगीचं औषध चढलं.

जाग आली तेव्हा साडेतीन तास झाले होते. पाय सरळ ठेवून सहा तास पडून राहायचं. खरं सांगतो, सगळ्यात जास्त त्रास त्या सहा तासांत पाठीला झाला. जांघ पुढे दहा दिवस काळीनिळी होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला पडद्यासमोर बसवलं. माझाच डावा कप्पा, ते बोटाने हवा तसा फिरवत होते. २,३१४ बिंदू. जांभळा रंग म्हणजे जोमदार वीज, अर्ध्या मिलिव्होल्टच्या वर. निळा, हिरवा, पिवळा करत लालपर्यंत ती मंदावत जाते, आणि लाल म्हणजे व्रण किंवा मुकी जागा. माझा कप्पा बराचसा जांभळा होता, फक्त पुढच्या भिंतीवर हाताच्या नखाएवढा पिवळसर पट्टा. "दोन-तीन वर्षं उशिरा आला असतात तर हा पट्टा वाढलेला दिसला असता," ते म्हणाले. या आजाराची ही खोड आहे. तो जितका चालत राहतो तितकी स्वतःला सोयीची जमीन तयार करतो.

मग कामानंतरचा नकाशा. शिरांच्या तोंडांभोवती जाळलेल्या जागांच्या लाल-गुलाबी ठिपक्यांची दोन कडी, उजव्या दोन शिरांना एक, डाव्या दोन शिरांना एक. दोन ठिपक्यांत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायचं नाही, नाहीतर मधून वीज निसटते. मागच्या भिंतीला ठिपके जरा लहान होते. तिथे लगेच मागे अन्ननलिका असते, म्हणून ताकद आणि वेळ कमी ठेवतात आणि नळीने आतलं तापमान बघत राहतात.

उजवं कडं पूर्ण झाल्यावरही वरच्या शिरेत वीज येतच होती. त्यांनी पुन्हा बिंदू घेतले आणि वीज सर्वांत आधी कुठे पोचते ते शोधलं. दोन शिरांमधल्या उंचवट्यावर एक फट राहिली होती. तिथे आणखी दोन ठिपके दिले आणि शीर मुकी झाली. मग अर्धा तास थांबून पुन्हा तपासलं. ही गोष्ट मी दोनदा सांगायला लावली. बांध सगळीकडून पक्का आणि एका हाताएवढी जागा उघडी, तर पाणी तिथूनच येणार. मोजणी केल्याशिवाय ती जागा सापडली नसती.

एकविसाव्या दिवशी रात्री दोनला पुन्हा थरथर. माझे हातपाय गार पडले, सगळं वाया गेलं असं वाटलं. मुलीने सकाळी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पहिल्या दोन-तीन महिन्यांत जळलेली जागा सुजलेली असते, तेव्हाचा त्रास म्हणजे अपयश असं धरत नाहीत. त्याच फोनवर त्यांनी डिस्चार्जच्या वेळची एक सूचना पुन्हा वाचून दाखवली. ती मी इथे मुद्दाम लिहितो, कारण ती प्रत्येक घरात माहीत हवी. पहिल्या काही आठवड्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं किंवा हातापायात अचानक कमजोरी आली, तर तडक मोठ्या रुग्णालयात जायचं, अॅब्लेशन झालंय हे आधी सांगायचं, आणि कोणालाही एंडोस्कोपी, म्हणजे घशातून कॅमेऱ्याची नळी घालून अन्ननलिकेची तपासणी, करू द्यायची नाही. अन्ननलिकेला क्वचित छिद्र पडतं, आणि आत सोडलेली हवा थेट हृदयात जाऊ शकते.

त्यानंतर आणखी एकदा वीस मिनिटं झालं. सहा महिन्यांनी होल्टर स्वच्छ आला. अपिक्साबान मात्र चालू आहे. ताल सुधारला तरी वय आणि रक्तदाब तेच, म्हणून ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावचे एक गृहस्थ बांधाच्या वादाचं विचारायला घरी आले होते. बोलता बोलता म्हणाले, हल्ली जिना चढताना दम लागतो, छातीत कसंतरी होतं. मी त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट धरून ठेवलं. ठोके कधी दोन लगोलग, कधी मध्येच मोठी फट. चहा तसाच ठेवून मी त्यांना साडेअकराच्या एसटीने तालुक्याला ईसीजी काढायला घेऊन गेलो.