नजरेच्या टप्प्यात

शुक्रवार, रात्री साडेअकरा

आज भाचीने विचारलं, "आत्या, तुझं सगळ्यात लाडकं रॉकेट कोणतं गं?" तिला छंदाच्या, घरी बांधून उडवायच्या रॉकेटचं पहिलं मध्यम ताकदीचं किट घ्यायचंय. ए, बी, सी या छोट्या मोटरवर तिची दोन वर्षं मजेत गेली, आता तिला मोठा आवाज आणि मोठं रॉकेट हवंय. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. फळीवर तीन उभी आहेत, तिन्ही माझ्या हातची. लाडकं म्हटलं की एकाचंच नाव घ्यायचं, आणि इतक्या वर्षांत हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

आधी तिला अक्षरांचा हिशोब सांगितला. प्रत्येक पुढचं अक्षर म्हणजे मोटरचा एकूण दम दुप्पट. ई म्हणजे २० ते ४० न्यूटन-सेकंद, एफ ४० ते ८०, जी ८० ते १६०. तिच्या ओळखीची सी जास्तीत जास्त १० ची. म्हणजे भरलेली जी तिच्या सीच्या सोळापट. ऐकून तिचे डोळे चमकले, आणि त्या चमकण्याचीच मला काळजी वाटली. कारण तीच चमक मागच्या वर्षी माझ्याही डोळ्यांत होती.

ते रॉकेट फळीवर नाही. बारीक, उंच, हलकं. तीन आठवडे खपून बांधलेलं. फिन, म्हणजे बुडाचे पंख, इतक्या गुळगुळीत घासल्या होत्या की बोट फिरवलं की बोटालाच कळायचं नाही लाकूड कुठे संपलं आणि रंग कुठे सुरू झाला. त्यात मी जी मोटर घातली. बटण दाबलं, एक फाटल्यासारखा आवाज आला, पॅडवर पांढऱ्या धुराचा खांब उभा राहिला, आणि रॉकेट दिसेनासं झालं. बस. मान वर करेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पॅराशूट उघडलं की नाही, कुठल्या दिशेला वाहत गेलं, काहीच दिसलं नाही. दोन तास शोधलं. तीन आठवड्यांचं काम मी जेमतेम दोन सेकंद पाहिलं होतं, आणि परतीच्या वाटेवर तेवढंच मनात घोळत राहिलं. रॉकेट हरवलं याचं दुःख होतंच, पण त्याचं उड्डाण मी पाहिलंच नाही हे जास्त लागलं.

तेव्हापासून किट हातात घेतलं की माझा पहिला प्रश्न बदलला आहे. किती उंच जाईल, हे मी विचारत नाही. पॅडवरची उभी रॉड सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत ते मला नुसत्या डोळ्यांनी दिसत राहील का, हे विचारते.

या प्रश्नाच्या उजेडात फळीवरच्या तिघांकडे पुन्हा पाहिलं.

एअरोटेकचं इनिशिएटर. २.६ इंच जाडीची नळी, २९ मिलिमीटरची मोटर. बांधायला सोपं, कारण फिन प्लास्टिकच्या असतात आणि आतल्या खाचेत खटकन बसतात, सरळ बसल्या की नाही याची धाकधूक नाही. त्यातली मला मनापासून आवडणारी गोष्ट म्हणजे मोटरच्या पुढे बसणारा धातूच्या तारांचा बोळा. पॅराशूट बाहेर ढकलणारा गरम वायू त्यातून थंड होऊन जातो, दरवेळी वॅडिंग, म्हणजे न जळणारा कागद, कोंबायची गरज नाही. किती साधी, किती विचारपूर्वक केलेली सोय! ज्याला बांधण्यापेक्षा उडवायची ओढ जास्त, त्याला मी डोळे मिटून हेच सुचवेन.

एस्टेसचं लेव्हायथन. तीन इंच जाड, २९ मिलिमीटरचीच मोटर, लांबलचक देह. हे माझं कामाचं रॉकेट. मोटरसकट ५६० ग्रॅम भरतं. एफ५० घातली तर सरासरी धक्का ५० न्यूटन, म्हणजे वजनाच्या नऊपट. धक्का वजनाच्या पाचपट हवा असा जुना दंडक आहे, त्याच्या कितीतरी वर. ओपनरॉकेट या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये मांडून पाहिलं तर साडेतीनशे मीटरच्या आसपास जातं, आणि तीन इंची नळी तिथेही दिसते, ठिपक्याएवढी का होईना. पण त्या उंचीवरून सेकंदाला सहा मीटरने उतरायला मिनिटभर लागतं. वारा सेकंदाला नुसता चार मीटर असला तरी तेवढ्यात ते २३० मीटर बाजूला जातं. मैदान मोठं असेल तर काही म्हणणं नाही. मैदान लहान असेल त्या दिवशी मी त्याला घरीच ठेवते.

आणि तिसरं एस्टेसचंच बिग डॅडी. तीन इंच जाड आणि उंची फक्त १९ इंच. चार मोठ्या फिन, वर भलंमोठं गोलसर नोज कोन, म्हणजे रॉकेटचं नाक. २४ मिलिमीटरची मोटर, डी किंवा ई. मध्यम ताकदीच्या उंबरठ्यावरच उभं आहे म्हणा ना. काहीजण याला या वर्गात धरतही नाहीत. माझ्या मते धरायला हवं. मध्यम ताकदीत शिकायचं असतं ते सगळं हे एकटं शिकवतं.

"हेच," मी भाचीला म्हटलं. "पण याचं मोठेपण उद्या बांधताना कळेल."

शनिवार, संध्याकाळ

सकाळपासून तिचं बिग डॅडी टेबलावर आहे. दुसरं किट माझ्या कपाटात न उघडलेलं होतं, ते तिला दिलं.

आधी फिन. बाल्साची लाकडी फिन हातात घेतली की तिच्या रेषा बघायच्या. रेषा फिनच्या पुढच्या कडेला समांतर असल्या तरच ती उतरतानाचा दणका सोसते, आडव्या असल्या तर बिस्किटासारखी मोडते. तिने चारही उजेडात धरून तपासल्या. मग घासकाम. पुढची कड गोल, मागची निमुळती, आणि नळीत जाणारा खालचा भाग अजिबात घासायचा नाही, तिथे सपाटच हवं.

फिलेट देणं हा माझा सगळ्यात आवडता भाग. फिन आणि नळी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात लाकडाच्या गोंदाची बारीक धार सोडायची आणि ओल्या बोटाने एका दमात वरून खाली ओढायची. मध्ये थांबलं की तिथे टेंगूळ येतं. जोर दिला की गोंद दोन्ही बाजूंना पसरतो. बोटाच्या गोलाईनेच तो कोपरा भरून येतो, पाण्याने ओढ्याचा काठ गुळगुळीत करावा तसा. तिचं पहिलं फिलेट वाकडं आलं, दुसरं बरं, चौथं पाहून मी काहीच बोलले नाही, नुसतं तिच्या हातातून घेऊन दिव्याखाली फिरवत राहिले. वाळताना गोंद आकसतो, म्हणून रॉकेट आडवं ठेवून एका वेळी दोनच कोपरे करायचे. आठ कोपरे म्हणजे चार फेऱ्या. सकाळ त्यात गेली, आणि ती एकदाही कंटाळली नाही.

दुपारी खरा अभ्यास. न वापरलेली मोटर आणि पॅराशूट घालून रॉकेट पट्टीच्या कडेवर तोललं. जिथे ते तोलून राहतं तो गुरुत्वमध्य. त्याच्या मागे निदान नळीच्या एका व्यासाएवढ्या अंतरावर वाऱ्याच्या दाबाचा मध्य हवा, मग रॉकेट सरळ जातं. दाबाचा मध्य काढायची सूत्रं नासाचे जिम बॅरोमन यांनी १९६०च्या दशकात या छंदासाठी सोपी करून दिली, आजही तीच वापरतात. पण बिग डॅडीवर ती लावली की आकडा अपुरा दिसतो. कागद म्हणतो डळमळेल, आकाशात ते तर बाणासारखं जातं.

भाची गोंधळली. मीही पहिल्यांदा अशीच गोंधळले होते. बॅरोमनच्या सूत्रांत रॉकेटच्या बुडामागे जी पोकळी तयार होते तिची ओढ धरलेली नाही. लांब, बारीक रॉकेटात ती नगण्य असते. पण लांबी व्यासाच्या दसपटीहून कमी असेल तर रुंद बूड मागून लगाम धरल्यासारखं रॉकेटला सरळ ठेवतं. बिग डॅडी तर जेमतेम सव्वासहापट. यावर एक युक्ती आहे: संगणकावर रॉकेटच्या मागे एक शून्य वजनाचा शंकू जोडायचा, टोक पुढे, रुंदी नळीएवढी आणि लांबी व्यासाच्या π पट, म्हणजे साधारण ३.१४ पट. तेवढं केलं की दाबाचा मध्य आपल्या खऱ्या जागी मागे सरकतो. तिने स्वतः शंकू जोडला, आकडा बदलताना पाहिला आणि खुर्चीवरून उठूनच उभी राहिली.

या जाड्या बुडामुळेच मी बिग डॅडीत २९ची नळी बसवून एफ मोटर घालायचा मोह टाळते. पुष्कळजण ते करतात आणि चांगलं उडवतात. पण जड मोटर मागे गेली की गुरुत्वमध्य मागे येतो, मग नोज कोनमध्ये वजन भरा, मग रॉकेट जड झालं म्हणून पॅराशूट मोठं घ्या. त्याचा मूळचा सुटसुटीतपणा जातो. एफसाठी माझ्याकडे लेव्हायथन आहे की.

मोटर ई१२-४ ठरली. १२ म्हणजे सरासरी धक्का न्यूटनमध्ये, ४ म्हणजे जळून संपल्यावर पॅराशूट फेकेपर्यंतचे सेकंद. तिने लगेच भागाकार केला. रॉकेट ३१० ग्रॅम, १२ न्यूटन, म्हणजे चारपटही नाही. "आत्या, पाचपट हवं ना?" प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर सरासरीत नाही, पहिल्या अर्ध्या सेकंदात आहे. बंदुकीच्या काळ्या दारूची ही मोटर सुरुवातीला एकदम ३० न्यूटनच्या वर उसळी घेते आणि मग दहाच्या आसपास शांत जळते. रॉड सोडताना रॉकेटच्या पाठीशी दसपट जोर असतो, तो क्षण सांभाळला की पुढचं फिन सांभाळतात. मोटरच्या नावातला आकडा वाचून थांबू नये, तिचा आलेख पाहावा. हे मला कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर माझी दोन रॉकेट्स गवतात आडवी गेली नसती.

रंग आज नाही. नुसता प्रायमर दिला आहे.

रविवार, रात्री

वारा पहाटे पडलेला, नंतरही हलकाच.

मोटर डीपेक्षा मोठी असली की नऊ मीटर मागे उभं राहायचं, हा नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा संहितेतला नियम. आम्ही पंधरावर उभ्या होतो. तिने मोठ्याने पाच-चार-तीन केलं, बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. रॉडवर रॉकेट शांत. ती पुढे निघाली, मी हाताला धरून थांबवलं. आधी बटणाच्या पेटीतली किल्ली काढायची, मग पूर्ण एक मिनिट थांबायचं. ते मिनिट फार लांब असतं. जवळ जाऊन पाहिलं तर इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारी तार, जळून गेला होता, पण त्याचं टोक दारूला टेकलेलंच नव्हतं, जरा खाली सरकलं होतं. नवा घातला, टोक आत भिडेपर्यंत ढकललं, त्याला धरून ठेवणारा प्लग घट्ट बसवला.

दुसऱ्यांदा बटण दाबताक्षणी फुस्स झालं आणि करड्या रंगाचं ते जाडजूड रॉकेट रॉडवरून उठलं. ते भुर्रकन पळालं नाही, सावकाश, भारदस्तपणे उठलं. फिन दिसत होत्या, फिनांवरचे प्रायमरचे ओघळसुद्धा क्षणभर दिसले असं मला वाटलं. अडीचेक सेकंद ज्वाला, मग नुसती धुराची रेघ आणि वर वर जाणारा ठिपका, पण आकार कळेल एवढा मोठा. वेग कमी होत गेला, नाक किंचित झुकलं, आणि वळणाच्या माथ्यावर, अगदी ज्या क्षणी ते थबकलं त्याच क्षणी, टप्प झालं आणि पॅराशूट फुललं. चार सेकंद म्हणजे चारच. भाची ओरडली नाही. दोन्ही हात तोंडावर ठेवून बघत राहिली. नोज कोन आणि नळी एकमेकांभोवती गिरक्या घेत उतरताना ती त्यांच्या खालीच चालत होती, डोळे वर, पाय खड्ड्यात पडतोय की कुठे याचं भान नाही. एकही क्षण तिच्या नजरेतून सुटला नाही.

पॅडपासून ११० पावलांवर पडलं. एका फिनच्या कोपऱ्यावर नखाएवढा चेपा. फिलेट आठही शाबूत.

माझ्या बिग डॅडीच्या नोज कोनवर, नळीत जाणाऱ्या भागावर मी पेन्सिलने प्रत्येक उड्डाण लिहिते. तिथे आता जागा उरलेली नाही, शेवटच्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. ते तिला दाखवलं. तिने गाडीतच पेन्सिल मागितली आणि आपल्या नोज कोनवर लिहिलं: "१. ई१२-४. ११० पावलं. सगळं दिसलं." मग उरलेल्या जागेवर बोट टेकवत टेकवत आणखी किती ओळी मावतील ते मोजत बसली.