सहा हजारांच्या खोलीचं बिल

रिलीज नोट्स, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत काय बदललं याची टिपणं, लिहायचं काम आमच्या टीममध्ये कुणालाच नको असतं. पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या, ही विनंती) मर्ज झाली, म्हणजे बदल आत मिसळला, आवृत्तीचा टॅग पडला, की डेव्हलपरच्या लेखी विषय संपला. राहिलेलं माझ्याकडे येतं, कारण रिलीज काढणं ही माझी जबाबदारी. पर्वरीत आमचं छोटं ऑफिस आहे. कळंगुटपासून काणकोणपर्यंतची लहान हॉटेलं आणि गेस्ट हाउस आमचं बिलिंग सॉफ्टवेअर वापरतात. ते त्यांच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरच बसवलेलं असतं. कुणाकडे ताजी आवृत्ती, कुणाकडे दोन पायऱ्या मागची. त्यामुळे कोडच्या वेगवेगळ्या शाखा, म्हणजे चालू कामाची डेव्हलप ब्रांच, पाठवायच्या आवृत्तीची रिलीज ब्रांच, तातडीच्या दुरुस्तीचा हॉटफिक्स, हा सगळा संसार आम्हाला करावाच लागतो. गिट या कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनावर असा संसार करण्याची गिट-फ्लो ही पद्धत 2010 मध्ये मांडणाऱ्या व्हिन्सेंट ड्रिसेन यांनीच 2020 मध्ये आपल्या लेखाला टीप जोडली, की सतत बदलत राहणाऱ्या वेब ॲपसाठी याहून सोपी पद्धत घ्या. ज्यांच्या अनेक आवृत्त्या बाहेर एकाच वेळी चालू असतात, त्यांना मात्र ती अजूनही कामाची आहे, असंही त्यांनी म्हटलं. आम्ही त्या दुसऱ्या गटातले.

3 सप्टेंबर 2025 च्या रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 12 टक्क्यांऐवजी 5 टक्के, पण इनपुट क्रेडिट (हॉटेलने खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळणार नाही. त्यावरच्या खोल्यांचे 18 टक्के तसेच. लागू 22 सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेला. आमचं रिलीज त्यामुळे आदल्या दिवशी, रविवारी, आणि नेमकी सर्वपित्री अमावास्या. ऑफिसात यावरून पुरेशी थट्टा झाली.

रविवारी दुपारी मी नोट्स लिहायला बसले. आमचा कोड ज्यावर असतो ते गिटहब मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टच्या शीर्षकांवरून मसुदा आपोआप काढून देतं. त्यात ओळ होती: ‘खोलीभाड्यासाठी 5 टक्के दर’. डेव्हलपरला एवढं पुरतं. काउंटरवर रात्रपाळीला बसलेल्या मुलाला नाही पुरत. बिलावर काय छापून येणार, हे त्याला दिसलं पाहिजे, कारण गिऱ्हाईक त्याच्याशी हुज्जत घालणार, आमच्याशी नाही. म्हणून नोट्समध्ये एक नमुना बिल टाकायचं ठरवलं. माझा एक हट्ट आहे: असे आकडे हिशेब करून लिहायचे नाहीत, जे पाठवणार आहोत त्याच बिल्डमधून, म्हणजे तयार सॉफ्टवेअरमधून, काढायचे. कॉम्प्युटरची तारीख पुढे केली, सहा हजारांची खोली घेतली, बिल काढलं.

सीजीएसटी 360, एसजीएसटी 360, एकूण 6,720.

यायला हवे होते 150 आणि 150, एकूण 6,300. आधी वाटलं जुनाच बिल्ड बसवलाय. नव्हता. तारीख तपासली, तीही बरोबर. म्हापशाच्या आमच्या डेव्हलपरला फोन लावला. तो घरी श्राद्धाच्या पानावरून उठून बोलला. “ताई, टेस्ट तर सगळ्या हिरव्या आहेत.”

आपोआप चालणाऱ्या त्या तपासण्या हिरव्या, म्हणजे पास, होत्याच. गंमत तिथेच होती.

बातमी आल्यावर त्याने एक फीचर ब्रांच (एका बदलापुरती वेगळी शाखा) काढली होती आणि दरांच्या तक्त्यात 5 टक्क्यांची नवी नोंद घातली होती. ती मर्जही झाली. पण त्या आवृत्तीत दर ठरत होता फक्त चेक-इनच्या तारखेवरून, आणि आमच्या सीएंनी ते नापास केलं. दर बदलतो तेव्हा सीजीएसटी कायद्याचं कलम 14 तीन गोष्टी पाहतं: सेवा कधी दिली, बिल कधी केलं, पैसे कधी मिळाले. तिन्हींतल्या दोन ज्या बाजूला, तो दर. पाहुणा 21 ला खोली सोडून गेला, पण बिल आणि पैसे दोन्ही 22 नंतर, तर त्याला नवा दर. त्याच आठवड्यात छपाईची एक दुरुस्ती तातडीने पाठवायची होती, म्हणून हे मर्ज आम्ही रिव्हर्ट केलं, म्हणजे त्याचा बदल उलटवला. निर्णय योग्यच होता. आजही तोच घेऊ.

17 तारखेला अधिसूचना निघाली. डेव्हलपरने त्याच जुन्या ब्रांचवर पुढचं काम केलं. ‘तीनपैकी दोन’चा नियम वेगळ्या फाइलमध्ये लिहिला, त्याच्या टेस्ट लिहिल्या, नवी पुल रिक्वेस्ट उघडली. ती मर्ज झाली, एकही कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदलांची टक्कर, न येता.

गिटच्या हिशेबी पहिले कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, डेव्हलपमध्ये आधीच आलेले होते. रिव्हर्टने त्यांचा परिणाम पुसला, पण इतिहासात ते आहेतच. म्हणून दुसऱ्या मर्जने फक्त नंतरचे कमिट आणले. तक्त्यातली नोंद रिव्हर्टने काढली होती, ती काढलेलीच राहिली. नवा नियम अचूक सांगत होता की हे बिल नव्या दराचं. तक्त्यात पाहावं तर या खोलीसाठी बारा सोडून दुसरा दरच नाही. जुन्या टेस्ट रिव्हर्टबरोबर गेल्या होत्या आणि नव्या टेस्ट फक्त तारखा तपासत होत्या. पुल रिक्वेस्टच्या पानावरही नवे बदल तेवढेच दिसत होते, तेव्हा रिव्ह्यू करणाऱ्याला तरी काय बोलणार? या गुंत्यावर लिनस टोरवाल्ड्स यांचं स्पष्टीकरण गिटच्या कागदपत्रांतच आहे. सल्ला ऐकायला विचित्र वाटतो: रिव्हर्टचं रिव्हर्ट करा.

तेच केलं. रिलीज ब्रांचवर रिव्हर्टचा रिव्हर्ट, त्याची पुल रिक्वेस्ट. रिव्ह्यू केला फोंड्याच्या सहकाऱ्याने. त्याच्या गावच्या देवळात दुसऱ्या दिवसापासून नवरात्रातला मखरोत्सव, त्या तयारीतून तो मोबाइलवर डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी, वाचत होता आणि मागे कुणीतरी त्याला हाका मारत होतं. पुन्हा बिल्ड, पुन्हा बिल. 6,300. मग अगदी 7,500 ची खोली: 7,875. मग 7,501, तिला 18 टक्के. मग टॅग टाकला, आणि रिलीज ब्रांच डेव्हलपमध्ये परत मर्ज केली. हे विसरलं की पुढच्या रिलीजमध्ये तेच भूत पुन्हा उभं राहतं. पर्वरीत संध्याकाळपासून पाऊस कोसळत होता आणि वीज दोनदा गेली; इन्व्हर्टरने निभावलं. मध्यरात्रीच्या आत बहुतेक हॉटेलांत अपडेट पोचलं होतं.

यातून काय बदलायचं यावर आमच्यात अजून एकमत नाही. डेव्हलपरचं म्हणणं, एकदा रिव्हर्ट झालेली ब्रांच पुन्हा वापरायचीच नाही, कमिट नव्या ब्रांचवर नव्याने घ्यायचे. ते मान्य. पण मी त्यावर थांबले नाही. पुल रिक्वेस्टच्या टेम्प्लेटमध्ये एक रकाना वाढवला: ‘काउंटरवरच्या माणसाला काय वेगळं दिसेल?’ तो रिकामा असेल तर मी मर्ज करू देत नाही. पोरं कुरकुरतात. एकाने त्यात ‘काही नाही’ एवढंच लिहिलं होतं, आणि त्याच्या बदलाने बिलाचा क्रमांक दुसऱ्या ओळीवर गेला होता.

सोमवारी सकाळी कळंगुटच्या एका हॉटेलच्या अकाउंटंटचा फोन आला. नोट्समधलं नमुना बिल छापून त्यांनी काउंटरवर चिकटवलं होतं. तक्रार नव्हती, प्रश्न होता: “बाय, 7,200 च्या खोलीत एक्स्ट्रा बेड घातला आणि 7,500 च्या वर गेलं, तर?” त्यांना म्हटलं, आधी तुमच्या सीएंना विचारा, मीही आमच्यांना विचारते, तोवर बेडची ओळ बिलावर वेगळी राहू दे.