खोक्यावरचं विमान आणि खोक्यातलं विमान

प्लास्टिकचं मॉडेल विमान ज्या खोक्यात मिळतं, त्यावर नेहमी दिसणारं एक चित्र घ्या. स्पिटफायर मार्क वन (ब्रिटिश लढाऊ विमानाची पहिली आवृत्ती) झुकून वळतंय, खाली इंग्लंडचा किनारा, मागे धूर सोडत कोसळणारं जर्मन बाँबर, आणि कोपऱ्यात ‘बॅटल ऑफ ब्रिटन’, म्हणजे १९४० ची ब्रिटन-जर्मनी हवाई लढाई. शेपटीच्या जरा पुढे फिकट हिरवट रंगाचा उभा पट्टा, नाकावरचा स्पिनर (प्रोपेलरच्या मधलं टोकदार टोपण) तोही त्याच रंगाचा. चित्र देखणं असतं, यात वाद नाही. पण हा पट्टा आणि हा स्पिनर रंगवण्याचा हुकूम निघाला नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस. ब्रिटिशांच्या हिशेबाने ती लढाई १० जुलैला सुरू होऊन ३१ ऑक्टोबरला संपलेली होती. खोका टेबलावर उभा करून त्याच्याकडे बघत रंगकाम केलं, की ही चूक ब्रशातून थेट मॉडेलवर उतरते. मग कितीही सुबक जोडणी केली तरी विमान कुठल्याच तारखेचं राहत नाही.

बॉक्स आर्ट, म्हणजे खोक्यावरचं चित्र, ही जाहिरात आहे. तिच्यावर राग धरायचं कारण नाही. बहुतेकांच्या हातात पहिलं किट आलं ते त्या चित्रामुळेच. पण चित्र हा एक साक्षीदार, खोक्यातलं प्लास्टिक दुसरा, आणि तारीख माहीत असलेला मूळ फोटो तिसरा. तिघांची साक्ष जुळेपर्यंत सिमेंटची (प्लास्टिक जोडायच्या गोंदाची) बाटली उघडू नये.

चुका का होतात तेही समजून घ्यायला हवं, म्हणजे त्या कुठे शोधायच्या ते कळतं. साचा महाग असतो आणि टिकतो. तीस-चाळीस वर्षं त्याच साच्यातून भाग निघत राहतात. खोका मात्र दर काही वर्षांनी बदलतो. नवं चित्र, नवे डिकॅल्स (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा), नावापुढे नवं अक्षर, आणि आत तेच जुनं प्लास्टिक. कधी साचा पुरा होण्याआधीच चित्र काढून घेतलं जातं, त्यामुळे चित्रकाराने बघितलेलं विमान आणि साचा करणाऱ्याने मोजलेलं विमान वेगळं निघतं. उलटंही घडतं. रॉय क्रॉस १९६४ मध्ये एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीकडे आले ते विमानांची तांत्रिक चित्रं काढून हात तयार झालेले. त्यांच्या कित्येक चित्रांतलं विमान त्या काळच्या प्लास्टिकपेक्षा अचूक आहे. हासेगावा या जपानी कंपनीसाठी शिगेओ कोइके यांनी काढलेली चित्रंही याच जातीची. अशा वेळी चित्रावर विश्वास ठेवून प्लास्टिक दुरुस्त करावं लागतं.

दोन्ही मिळून चुकल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे टेस्टर्स या अमेरिकन कंपनीचं १९८६ चं एफ-१९ स्टेल्थ. त्या वेळी अमेरिकेचं गुप्त विमान कसं असेल याचा अंदाज बांधून केलेलं १/४८ चं (खऱ्याच्या ४८ पट लहान) किट, गोलसर कडांचं. नोव्हेंबर १९८८ मध्ये खरं एफ-११७ जाहीर झालं, तर ते सपाट पैलूंचं निघालं. ते किट आजही मजेत बांधावं, फक्त त्याला एफ-११७ समजून दुरुस्त करायला जाऊ नये. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही.

आता तपासणी. सगळ्यात आधी आवृत्ती, कारण इथली चूक रंगाने झाकत नाही. स्पिटफायरच्या खोक्यावर मार्क नाइन लिहिलं असेल तर तीन गोष्टी मोजायच्या. प्रोपेलरला चार पाती, नाकाच्या प्रत्येक बाजूला एक्झॉस्टचे सहा पाइप, आणि दोन्ही पंखांखाली सारख्या आकाराचे चौकोनी रेडिएटर. मार्क फाइव्हला तीन पाती, बाजूला सहसा तीनच एक्झॉस्ट, उजव्या पंखाखाली चौकोनी रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली फक्त गोल ऑइल कूलर. प्रोपेलर बदलून फाइव्हचं नाइन होत नाही, कारण नाइनचं नाकच लांब आहे. चित्रात नाइन आणि फ्रेमवर (सुटे भाग धरणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीवर) फाइव्ह असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नाक कापण्याच्या फंदात पडू नका, मार्क फाइव्हचे डिकॅल्स मिळवा. दोन दिवसांचं काम वाचतं आणि विमान खरं राहतं.

जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये ई आणि एफ यांची गल्लत अशीच ओळखता येते. ई ला आडव्या शेपटीखाली तिरके टेकू असतात आणि पंखांची टोकं चौकोनी कापल्यासारखी. एफ पासून टेकू गेले आणि टोकं गोल झाली. अमेरिकन मस्टँगमध्ये पी-५१बी च्या पंखांत दोन-दोन मिळून चार मशीनगन, डी मध्ये सहा. हे भाग फ्रेमवर असतानाच दिसतात, त्यामुळे एकही तुकडा न कापता निकाल लागतो.

मापांसाठी चित्राचा काही उपयोग नाही. चित्रकार विमान जवळून आणि कोनातून दाखवतो, त्यामुळे जवळचा पंख फुगतो आणि शेपूट आखडते. मोजायचं ते प्लास्टिक. स्पिटफायर मार्क वनचा पंखविस्तार ११.२३ मीटर, लांबी ९.१२ मीटर. १/७२ मध्ये हे १५६ आणि साधारण १२७ मिलिमीटर होतात. १/४८ मध्ये २३४ आणि १९०. भाग मास्किंग टेपने तात्पुरते जोडायचे आणि व्हर्नियर कॅलिपर लावायचा. १/७२ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे ७२ मिलिमीटर, पण एका मिलिमीटरच्या फरकासाठी करवत हातात घेऊ नये. डोळ्याला खुपतं ते वेगळं: नाकाची बाजूची रेषा, कॅनॉपीची (वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाची) उंची, आणि पंखांचा वर जाणारा कोन. स्पिटफायरला हा कोन ६ अंशांचा आहे, म्हणजे १/७२ मध्ये पंखाचं टोक मुळापेक्षा साधारण ७ मिलिमीटर वर हवं. खालचा पंख एकसंध असलेल्या किटमध्ये तो हमखास सपाट होतो, आणि वरच्या पंखाच्या मुळाशी फट पडते. सिमेंट ओलं असतानाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कॅनॉपीच्या जागेवरून टेप ताणून लावली की पंख वर ओढले जातात आणि फटही मिटते. रात्रभर तसंच ठेवायचं. फट मिटत नसेल तर स्प्रूचा (फ्रेमच्या काडीचा) तुकडा फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत आडवा बसवून भिंती बाहेर ढकलायच्या. पुटी, म्हणजे फटी भरायचा लेप, त्यानंतर, आणि लागलीच तर.

पुटी घासताना जुन्या साच्यांतल्या उठावदार पॅनल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा) जातात. ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासलं तरी जातात, त्यामुळे वाचवण्याची धडपड न करता त्या रेषा नव्याने कोरणं बरं. जाड टेपची कड पट्टीसारखी धरून सुईने चार-पाच हलके हात फिरवायचे. पहिल्याच हाताला जोर दिला की सुई घसरते आणि ओरखडा पंखभर जातो.

खुणा हा सगळ्यात रसाळ भाग, आणि बॉक्स आर्टच्या चुका इथेच दाटीने असतात. कारण चित्रकाराला विमान ओळखता यावं म्हणून जास्तीत जास्त खुणा हव्या असतात, आणि त्या वेगवेगळ्या तारखांच्या असल्या तरी एकाच विमानावर येऊन बसतात. काही तारखा पाठ असल्या की अर्ध्या चुका खोका हातात घेतानाच दिसतात. फ्यूजलाजवरच्या ब्रिटिश वर्तुळाला बाहेरून पिवळं जाड कडं आलं मे १९४० मध्ये. ते बारीक झालं मे १९४२ मध्ये. ब्रिटिश लढाऊ विमानांचा तपकिरी रंग जाऊन करडा आला ऑगस्ट १९४१ मध्ये. अमेरिकन ताऱ्याच्या मधला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढला. ताऱ्याच्या दोन्ही बाजूंचे पांढरे पट्टे आणि त्याभोवतीची लाल कड आली जून १९४३ च्या अखेरीस, आणि त्याच वर्षी ती कड निळी झाली. पट्ट्यांमधली लाल रेघ जानेवारी १९४७ ची. तेव्हा जून १९४४ मधल्या नॉर्मंडीच्या चढाईतल्या पी-५१डी च्या ताऱ्याला लाल कड दाखवली असेल तर ती चूकच.

नॉर्मंडीचे काळे-पांढरे पट्टे तर चित्रकारांचे लाडके. चित्रात ते पट्टी लावून ओढल्यासारखे असतात. प्रत्यक्षात जून १९४४ च्या सुरुवातीला, चढाईच्या ऐन तोंडावर, हजारो विमानांवर ते घाईघाईने रंगवले गेले, बरेचसे ब्रश घेऊन हातानेच. कडा वाकड्या, खालचा रंग मधूनच डोकावणारा. पुढच्या काही आठवड्यांत पंखांच्या वरच्या बाजूचे पट्टे काढून टाकायला सुरुवात झाली, त्यामुळे १९४४ च्या शरद ऋतूतल्या विमानावर वर-खाली पूर्ण पट्टे दाखवणारं चित्र संशयाने बघावं. एकइंजिनी विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद, तीन पांढरे आणि दोन काळे. १/७२ मध्ये एक पट्टा ६.३५ मिलिमीटर, पाच मिळून जवळजवळ ३२. १/४८ मध्ये एक ९.५. दोन इंजिनांच्या विमानांवर पट्टा २४ इंचांचा, म्हणजे १/७२ मध्ये ८.५ मिलिमीटर.

रंगवताना आधी पूर्ण ३२ मिलिमीटरचा पांढरा पट्टा द्यावा, तोही दोन-तीन पातळ हातांत, कारण पांढरा रंग गडद रंगावर झाकत नाही आणि जाड दिला की कडेला बांध तयार होतो. एक दिवस वाळू द्यावा. मग तीन पांढरे पट्टे टेपने झाकून दोन काळे द्यावेत. बाजारातली ६ मिलिमीटरची टेप इथे अपुरी पडते. रुंद टेप काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने ६.३५ च्या पट्ट्या कापाव्यात. शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळा दोन्ही टाळावेत. पांढऱ्यात करड्याचा थेंब आणि काळ्याऐवजी फार गडद करडा, म्हणजे छोट्या मॉडेलवर पट्टे अंगावर येत नाहीत.

रंगाची छटा चित्रावरून कधीच जुळवू नये. चित्रात सूर्यास्त असतो, ढगांचा निळा उजेड असतो, वर छपाईची शाई. तपकिरी डार्क अर्थ त्यात नारिंगी दिसतो आणि फिकट हिरवट स्काय पार निळा होतो. रंगाचं अधिकृत नाव शोधून त्या नावाची बाटली घ्यावी, आणि १/७२ साठी त्यात थोडा पांढरा मिसळावा. दहा भागांना एक भाग मला पुरेसा वाटतो. चित्राची आणखी एक मर्यादा अशी, की ते विमानाची एकच बाजू दाखवतं. ब्रिटिश कॅमोफ्लाजचे ए आणि बी असे दोन आराखडे होते, एकमेकांचे आरशातल्या प्रतिबिंबासारखे. चित्रातलं विमान ए चं आणि डिकॅल्समधला सिरियल नंबर बी च्या विमानाचा, असंही होतं. त्या नंबराच्या विमानाचा फोटो मिळाला तर तोच मानावा.

डिकॅल्स लावण्याआधी ग्लॉस वॉर्निश हवंच. मॅट पृष्ठभागाच्या खडबडीत हवा अडकते आणि डिकॅलची पारदर्शक फिल्म चंदेरी दिसू लागते. कोमट पाण्यात २०-३० सेकंद, मग कागदावरच सुटेपर्यंत वाट बघायची, ओढायचं नाही. वर्तुळातला लाल ठिपका मधोमध छापलेला नसेल तर शिल्लक डिकॅल्समधला ठिपका वेगळा कापून वरून बसवावा.

चित्रातलं विमान उडतं आणि किट बहुधा चाकांवर उभं राहण्यासाठी बनवलेलं असतं. उडतं मॉडेल करायचं तर चाकांची झाकणं नुसती चिकटवून बंद होत नाहीत. ती उघडी दाखवण्यासाठी घडवलेली असल्याने खाचेपेक्षा किंचित मोठी असतात. खाचेच्या आतून एक मिलिमीटर प्लास्टिक पट्टीची कड चिकटवावी, झाकण कडेने थोडं-थोडं घासत तिच्यावर टेकवावं, आणि उरलेल्या रेघेत पुटी भरावी. वैमानिक बसवायला विसरू नये. उभं करायचं असेल तर स्पिटफायरचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली उघडणाऱ्या झडपा) वरच ठेवावेत. उतरल्यावर वैमानिक ते लगेच मिटत, खाली सोडून जात नसत.

राहिला सुरुवातीच्या चित्रातला तो फिकट पट्टा. लढाईतलंच विमान हवं असेल तर पट्टा सोडून द्यायचा आणि स्पिनर काळा करायचा. पोटाचा रंग स्काय, जून १९४० पासूनचा. पट्टा आवडलाच असेल तर तारीख पुढे सरकवायची. डिसेंबर १९४० चं विमान करावं: पट्टा १८ इंचांचा, १/७२ मध्ये तोच ६.३५ मिलिमीटर, आडव्या शेपटीच्या अगदी पुढे, स्पिनरही स्काय, आणि डाव्या पंखाची खालची बाजू पूर्ण काळी, कारण तो हुकूमही त्याच सुमारास निघाला होता. पट्ट्याखाली सिरियल नंबर बऱ्याचदा झाकला जाई, तेव्हा नंबराचं डिकॅल लावण्याआधी फोटो बघावा आणि तिथे नंबर दिसत नसेल तर ते शीटवरच राहू द्यावं.